उतारावरचा ट्रक

जामीनदार म्हणून सही करताना पेन उमटलं नाही, तर तो ईश्वरी संकेत समजावा आणि उठून सरळ घरी यावं. मला तो संकेत 2015 साली मिळाला होता. एका पतसंस्थेच्या ऑफिसात, मेहुण्याच्या ट्रकच्या कर्जाच्या फॉर्मवर, माझं पेन तीनदा कोरडं चाललं. पण मी पडलो बँकेतला कारकून. पेन चालेना की शेजारच्याचं घ्यायचं, ही आमची सवय. शेजारी मेहुणाच बसला होता आणि त्यानं खिशातून पेन काढून टोपण उघडून तयारच ठेवलं होतं. मी सही केली. इतकी सुंदर सही मी माझ्या लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती.

ट्रक 1996 सालचा. म्हणजे मी एफ. वाय. बी. कॉम.ला घसाऱ्याची गणितं चुकवत होतो, तेव्हा तो रस्त्यावर आला. घटत्या शिलकीच्या पद्धतीनं घसारा काढला तर वस्तूची किंमत कितीही वर्षं गेली तरी शून्य होत नाही, असं आमचे सर सांगायचे. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. हा ट्रक पाहिल्यावर पटलं. किंमत शून्याच्या अगदी दारात जाऊन उभी होती, पण आत शिरत नव्हती. सहा चाकं, चार सिलिंडर, पुढं काचेवर पिवळ्या अक्षरांत 'आईची कृपा', आणि मागं फाळक्यावर आधीच्या मालकाच्या दोन मुलांची नावं. ती खोडून मेहुण्यानं आपल्या मुलांची घालायचं ठरवलं होतं, पण रंगाला पैसे उरले नाहीत. त्यामुळं आजही आमच्या भाच्यांना पांचगणीच्या शाळेत त्या दुसऱ्याच नावांनी चिडवतात.

मेहुणा पांचगणीच्या वरच्या अंगाला राहतो. डिसेंबर ते मार्च भिलार, महाबळेश्वर भागातली स्ट्रॉबेरी पुण्याच्या बाजाराला न्यायची, आणि परतीला खत, पेट्या, कुणाचं फर्निचर, मिळेल ते आणायचं, असा धंदा. दोन वर्षं ट्रकनं काढली. 2018 च्या उन्हाळ्यापासून मात्र तो सकाळी उठेना.

म्हणजे दिवसभर ठीक. पसरणीचा घाट खताची पोती घेऊन चढायचा आणि वर येऊन दम खायलासुद्धा थांबायचा नाही. पण रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ मारावा तर नुसतं घुरघुर, घुरघुर, घुरघुर. बँकेत महिन्याच्या एक तारखेला पेन्शनरांची रांग लागल्यावर आमचे साहेब केबिनमध्ये जसा घसा साफ करतात, पण बाहेर येत नाहीत, तसं. आणि एकदा का सुरू झाला, की स्लोला थरथरायचा. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत ठीक. पाय काढला की सगळा ट्रक थंडीतापानं फणफणल्यासारखा हलायचा. आरशात मागचा रस्ता दिसण्याऐवजी मागचे तीन-चार रस्ते दिसायचे. डॅशबोर्डवरचा गणपती प्रदक्षिणा घालायला लागायचा.

यावर मेहुण्यानं जो उपाय काढला तो भौगोलिक होता. ट्रक नेहमी उताराला तोंड करून उभा करायचा. सकाळी चाकाखालचा धोंडा काढला, गाडी गियरमध्ये टाकली, क्लच दाबून घरंगळत सोडली आणि मध्येच क्लच सोडला की हिसका बसून इंजिन सुरू. पांचगणीला उताराची काही कमतरता नाही. पण माणसाच्या सगळ्या आयुष्यालाच त्यामुळं एक कल येतो, हे मला मेहुण्याकडं पाहून कळलं. तो देवाला गेला तरी आधी रस्ता बघायचा. कुणाच्या घरी आजारी माणसाला भेटायला जाणं हे त्या घरासमोर उतार आहे की नाही यावर अवलंबून असायचं. सपाटीवर राहणाऱ्या नातेवाइकांशी त्याचे संबंध हळूहळू तुटत गेले.

आणि मे महिन्यात फलटणचं लग्न आलं.

ज्यांनी फलटण पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. घाटावरची मंडळी ट्रकनं न्यायची, असं ठरलं होतं. कार्यालय भर सपाटीवर. मेहुण्यानं ट्रक घेऊन दोन फेऱ्या मारल्या, पण साऱ्या पंचक्रोशीत त्याला हातभर उतार मिळेना. शेवटी त्यानं कार्यालयाच्या भिंतीलगत ट्रक उभा केला आणि इंजिन चालूच ठेवलं. साडेचार तास! आत मंगलाष्टकं, बाहेर धडधड. ट्रक थरथरत होता, त्याच्यामुळं भिंत, भिंतीमुळं खिडक्या. बुंदीच्या ताटात लाडू आपापले सरकत होते. भटजींनी दोनदा थांबून बाहेर पाहिलं. वधूपिता मात्र खूश होते. पंगतीत ते मला कौतुकानं म्हणाले, "पाव्हणं, लाइट गेली तरी पंखा थांबला न्हाई बघा. तुमच्याकडच्यांनी जनरेटर आणलाय म्हणं!" मी लाडू तोंडात धरून मान डोलावली.

परत आल्यावर दुरुस्त्यांचं पर्व सुरू झालं. पहिल्या मिस्त्रीनं बॅटरीवर हात ठेवला आणि मान हलवली. बॅटरी बदलली. ट्रक सुरू झाला! आठ दिवस आनंदात गेले. नवी बॅटरी सेल्फ जास्त वेळ फिरवू शकत होती, म्हणून ट्रक शेवटी कंटाळून सुरू होत होता, एवढाच त्याचा अर्थ. पण तो आम्हाला तेव्हा कळला नाही. एवढा वेळ फिरून फिरून मग सेल्फच जळला. दुसऱ्या मिस्त्रीनं आर्मेचर भरून घेतलं, कार्बन बदलले. पुन्हा आठ दिवस. तिसऱ्यानं डिझेलच्या पंपाजवळचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारला, फेस आला, फेस संपल्यावर स्क्रू आवळला आणि म्हणाला, "एअर घेतली होती. काढली." ट्रक त्या दिवशी मोटारसायकलसारखा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घुरघुर. हवा काढली हे सगळ्यांनी पाहिलं. ती कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. आमच्या बँकेत कॅश कमी आली की आधी ती कुठं गेली हे विचारतात, आणि ते बरोबरच आहे. पण कॅश जास्त आली तर ती कुठून आली हेही तितक्याच घाबरून विचारतात. हे खातं वेगळं पडलं.

या सगळ्यात अडचण अशी, की मिस्त्री यायचे दुपारी, आणि ट्रकचं दुखणं पहाटेचं. दुपारी तो गरम असायचा, हात लावला की सुरू. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा तसं. चौथा मिस्त्री जरा मोठा माणूस होता. त्याच्या गॅरेजला पाटी होती. त्यानं ट्रककडं फारसं पाहिलंही नाही. "बावीस वर्षांचं इंजिन, थंडीत उठत न्हाई, स्लोला मिसिंग. कॉम्प्रेशन गेलं. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं करायला लागंल." आणि त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मेहुणा उतार नसतानाही घरंगळत माझ्या बँकेत आला.

त्याच्या आधी दोनच दिवस मोठा फटका बसला होता. डिसेंबरचा मधला आठवडा. संध्याकाळी तोडलेली स्ट्रॉबेरी पेट्या भरून रात्रीच ट्रकमध्ये लावलेली. धक्क्यावर पेट्या चढवायच्या म्हणून ट्रक चढाला तोंड करून लावावा लागला होता. पहाटे चारला सेल्फ मारला. साडेचारपर्यंत मारला. बॅटरी बसली. पाच माणसांनी ढकलला, तर चढ. उजाडेपर्यंत दुसरा टेम्पो मिळाला नाही, आणि पुण्याचा बाजार कुणाच्या मेहुण्यासाठी थांबत नाही. माल शेवटी जॅमवाल्याला जॅमच्या भावानं गेला. शेतकऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघांनी माल दुसऱ्याच्या गाडीत घातला.

तर, मेहुणा माझ्या काउंटरसमोर बसला. खिशातून रुमाल काढला आणि सोडला. आत माझ्या सासूबाईंच्या पाटल्या.

त्या पाटल्या मी ओळखतो. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी मुलीकडं लाजेनं पाहू शकत नव्हतो, म्हणून चहाचा कप देणाऱ्या हातातल्या पाटल्यांकडंच पाहत बसलो होतो. कपडे धुताना, भाकरी थापताना, रानात खुरपताना त्या हातातून निघालेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. एका बाजूनं झिजून पातळ झालेल्या. त्या आता माझ्या काउंटरवर, पास-बुकाच्या प्रिंटरशेजारी, शाळेच्या रुमालात.

"आईनं स्वतःच दिल्या," मेहुणा खाली बघत म्हणाला. "गोल्ड लोन करून द्या, दाजी. इंजिन करून घेतो. सीझन हाय तोवर फिटंल."

नियमानं माझं काम एवढंच, की अर्ज पुढं करायचा आणि सराफाला फोन लावायचा. माझ्या हातून गोल्ड लोनचे हजारो अर्ज गेले असतील. मला घाम फुटला. आणि मी, आयुष्यात ज्या वाक्याचा उच्चार गिऱ्हाइकाला घालवून देण्यासाठी शेकडो वेळा केला, तेच वाक्य जवळच्या माणसासाठी पहिल्यांदा उच्चारलं:

"लिंक डाउन आहे."

शेजारच्या काउंटरवर खटाखट पैसे निघत होते. प्रिंटर किर्रर्र करून कुणाचं तरी पासबुक भरत होता. मेहुण्यानं तिकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"कधी येईल?"

"दोन आठवडे लागतील," मी म्हणालो. "गोल्डची लिंक वेगळी असते."

पाटल्या त्यानं परत रुमालात बांधल्या. संध्याकाळी घरी हा प्रकार सांगितला तेव्हा सौ. म्हणाली, "चांगलं केलंत. पण खरं सांगा, काळजी आईच्या पाटल्यांची की तुमच्या सहीची?" मी म्हणालो, "दोन्ही." आता मागं वळून पाहताना वाटतं, की उत्तर देण्यापूर्वी मी जो एक क्षण घेतला तो घ्यायला नको होता.

दोन आठवडे तर मिळवले. करायचं काय? बॉनेट उघडून पाहिलं तर आत दिसेल त्यातलं मला एकच ओळखता येतं, ते म्हणजे बॅटरी. आणि तीही तिच्यावर लिहिलेलं असतं म्हणून. तेव्हा मी मला येतं ते केलं. रजिस्टर घातलं.

आमच्या शाखेत जुनी छापील रजिस्टरं पडून आहेत; कॉम्प्युटर आल्यापासून त्यांना कुणी विचारत नाही. त्यातलं एक घरी आणून रकान्यांना नावं दिली. तारीख. रात्री ट्रक कुठं उभा होता. तोंड कुणीकडं: चढ, उतार की सपाट. टाकीत डिझेल किती. थंडी किती (कमी, बरी, फार). सेल्फ किती सेकंद. हे झाले सहा. रजिस्टरला रकाने सात होते. रिकामा रकाना ठेवणं हे आमच्या खात्यात पाप आहे, ऑडिटर तिथंच बोट ठेवतो. बराच वेळ विचार करून मी सातव्यावर लिहिलं: धूर.

मग चौदा दिवस रोज पहाटे सव्वाचारला माझा फोन वाजत असे. मी वाईत अंथरुणात, मेहुणा वर पांचगणीला ट्रकमध्ये. तो फोन सीटवर ठेवून सेल्फ मारायचा आणि मी घड्याळ लावून घुरघुर मोजायचो. क्लीनर पोराला सायलेन्सरमागं बॅटरी देऊन उभं केलं होतं. तो ओरडून धूर सांगायचा. उताराला तोंड असेल त्या दिवशीही आधी सेल्फ मारायचा, घरंगळायचं नंतर, अशी मी सक्त ताकीद दिली होती. "दाजी, उतार असताना बॅटरी कशापायी खायची?" असं तो कुरकुरला. मी म्हणालो, "ऑडिट आहे."

चौदाव्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर मी रजिस्टर उघडून बसलो. आकडे आपोआप दोन बाजूंना उभे राहिले. उताराला तोंड असलेले दिवस चार. चारही दिवस सेल्फ चार सेकंदांच्या आत! म्हणजे उतारावर ट्रक घरंगळवायची कधी गरजच नव्हती. तो तसाही सुरू होणार होता. सपाटीवर वीस-पंचवीस सेकंद. पण त्यातही दोन दिवस टाकी वरपर्यंत भरलेली होती, तेव्हा दहाच. चढाला तोंड असलं की मोजदादच सोडून द्यावी. आणि थंडीचा रकाना मात्र कशाशीच जुळेना. थंडी फार असताना उतारावर चार सेकंद, बरी असताना चढावर अर्धी बॅटरी.

टॅली लागली होती. पण कशाची, ते समजेना. मी मोठ्यानं वाचत होतो आणि सौ. लसूण सोलत होती.

"म्हणजे टाकी वर असली की येतं, आणि खाली गेली की येत नाही," ती म्हणाली.

"टाकी कशी वर जाईल? टाकी मागं आहे."

"तोंड उताराकडं केलं की मागचं वर जातं ना?" तिनं हातातला लसणीचा गड्डा तिरपा करून दाखवला. "अहो, ही आमच्या विहिरीवरची मोटर झाली. रात्रभरात पाइपातलं पाणी खाली विहिरीत उतरायचं, आणि सकाळी बटण दाबलं की मोटर नुसती कोरडी फिरायची. मग वरून दोन घागरी पाणी ओतायचं, तेव्हा कुठं पाणी धरायची. फूटव्हॉल्व्ह गळायचा, नाहीतर पाइपाच्या जोडातून हवा घ्यायची. दादानं आणि मी शाळेत जायच्या आधी किती घागरी ओतल्यात! त्याला आठवत नाही का?"

वाणिज्य शाखेच्या पदवीधरानं अशा वेळी काय करावं? मी रजिस्टर मिटलं आणि तिच्या पुढ्यातला लसूण सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वाईतच एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले एक चाचा राहतात. गॅरेज नाही, पाटी नाही. अंगणात एक कट्टा आणि पत्र्याची एक पेटी. मेहुण्याला घेऊन मी गेलो. मेहुण्यानं बॅटरीपासून कॉम्प्रेशनपर्यंत सगळी कहाणी सांगितली. चाचांनी ती शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं:

"सेल्फ मारताना धूर येतो का?"

मेहुणा माझ्याकडं बघायला लागला. मी पिशवीतून रजिस्टर काढलं, सातवा रकाना उघडला आणि त्यांच्यापुढं धरला. उतार: पांढरा, लगेच. सपाट: नाही, नाही, नाही, शेवटी पांढरा. चढ: नाही.

चाचांनी चष्मा लावला. चौदाच्या चौदा ओळी वाचल्या. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही एसटीत यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही रजिस्टरविषयी कुणी एवढं चांगलं बोललेलं नाही.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, सतरा-अठरा पट, की ती आपोआप तापून लाल व्हायला येते. आणि ऐन वेळी तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, की ते पेटतं. ही कल्पना ज्याची, त्या रुडॉल्फ डिझेलला 1893 साली पेटंट मिळालं आणि 1897 साली त्याचं इंजिन नीट चाललं. (डिझेल हे आडनाव आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पुढं मी वाचलं, की 1913 साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून हा गृहस्थ रात्रीतून नाहीसा झाला. कारणांविषयी बरेच तर्क आहेत. त्यानं कुणाच्या कर्जाला जामीन राहिल्याचा उल्लेख कुठं सापडत नाही.) कॉम्प्रेशन गेलं असतं, चाचा म्हणाले, तर डिझेल आत जाऊन नुसतं धुमसलं असतं, सेल्फ मारताना पांढरा धूर आला असता. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. आणि कॉम्प्रेशन गेलेली गाडी पसरणीचा घाट पोती घेऊन चढत नसते.

तरी त्यांनी ट्रक सुरू करून ऑइलचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. रिंगा गेल्या असत्या तर तिथून धुराचे भपके आले असते. तळहात कोरडा. "इंजिन चांगलं हाय," ते म्हणाले. मेहुण्यानं डोळे पुसले. मी धूर गेला असेल असं म्हणणार होतो, पण धूर नव्हताच.

त्या संध्याकाळी चाचांनी एक पाच लिटरचा डबा डिझेल भरून केबिनच्या टपाला बांधला. ट्रकची टाकीकडून येणारी नळी फीडपंपापासून सोडवली आणि तिथं डब्याकडून येणारी एक पारदर्शक नळी लावली. दवाखान्यात सलाइन लावतात, अगदी तसं. ट्रक मुद्दाम चढाला तोंड करून रात्रभर ठेवला. पहाटे आम्ही सगळे टॉर्च घेऊन हजर. सौ.ही आली होती. निदान तिचं होतं. मेहुण्यानं सेल्फला हात लावला. एक सेकंद. घुर्र... आणि इंजिन सुरू! क्लीनर मागून ओरडला, "धूर! धूर!"

मग पुढचं काम सोपं होतं. टाकी आणि फीडपंप यांच्या मधल्या नळीतच खोट होती. तिथं आपण डिझेल ओढत असतो, ढकलत नसतो. त्यामुळं भोक असलं तरी डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत शिरते. थेंब पडत नाही म्हणून कुणाला संशय येत नाही. हवा शिरली की रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीत उतरतं. आणि हवा दाबली तर दबते, डिझेल दबत नाही. पंपात बुडबुडा आला की पंप तो बुडबुडाच दाबत बसतो, नोझल उघडेल इतका दाब तयार होत नाही. चाचा खाली सरपटत गेले आणि नळी बोटांनी चाचपत चालले. केबिनखाली, जिथं रबराची नळी क्लिपमध्ये आवळलेली होती, तिथं ती जरा वाकवल्याबरोबर केसाएवढी चीर उघडली. सोडली की मिटली. मेहुण्यानं आठ महिने हिच्यापायी उतार शोधले होते. हातभर रबरी नळी, दोन क्लिपा आणि जोडावरचे तांब्याचे दोन वॉशर. मी हिशेब ठेवला आहे. पहिल्या बॅटरीच्या किमतीत अशा नळ्या फलटणपर्यंत टाकता आल्या असत्या.

थरथर मात्र राहिली होती. ती वेगळी भानगड निघाली. चाचांनी इंजिन स्लोला ठेवलं, सतरा नंबरचा पाना घेतला आणि नोझलकडं जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून अर्धा फेरा ढिले करायला सुरुवात केली. पहिला ढिला केला, इंजिन अडखळलं. आवळला. दुसरा, अडखळलं. तिसरा ढिला केला आणि इंजिनाला त्याचं काहीच वाटलं नाही. चौथा, अडखळलं. चाचांनी तिसऱ्यावर पान्यानं टकटक केलं. "हा कामाला नाही. नुसता पगार घेतोय." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, असं सौ.चं म्हणणं आहे. माझ्या मते ते नोझलकडंच पाहत होते.

ते नोझल साताऱ्याला पंपवाल्याकडं तपासायला नेलं. त्यानं ते मशीनला लावून हात मारला. चांगलं नोझल बारीक धुक्यासारखा फवारा सोडतं आणि सोडताना कुरकुर आवाज करतं. आमचं पालिकेच्या नळासारखं ठिबकलं. नवं नोझल टाकलं, आणि ट्रक स्लोला इतका शांत उभा राहिला, की मेहुण्यानं तो बंद पडला समजून दोनदा सेल्फ मारला.

चाचांनी मजुरी इतकी कमी सांगितली, की मेहुण्यानं स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या वर दिल्या. सासूबाईंना पाटल्या परत मिळाल्या. "लिंक आली न्हाई वाटतं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "आता येऊन काय उपयोग?" त्यांनी पाटल्या चढवल्या आणि भाकरी थापायला बसल्या. त्या बँकेत कधी आलेल्या नाहीत, पण लिंक म्हणजे काय असतं ते त्यांना चांगलं ठाऊक असावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

ज्या दोन शेतकऱ्यांनी माल दुसरीकडं घातला होता त्यांतला एक परत आला. दुसरा नाही आला. पतसंस्थेचे दोन हप्ते तटले होते, ते मार्चपर्यंत भरून निघाले. त्या दोन महिन्यांत पतसंस्थेच्या वसुलीवाल्याचा मला तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी त्याला काय सांगितलं असेल, हे वाचकांनी ओळखलंच असेल.

मेहुणा अजूनही उतार बघूनच ट्रक लावतो. मी त्याला म्हटलं, "अरे, आता काय गरज?" तर म्हणाला, "दाजी, सवय. सपाटीवर झोप येत न्हाई."

पुढं फेब्रुवारी 2020 मध्ये फलटणच्या त्याच मंडळींकडं धाकट्या मुलीचं लग्न निघालं. कार्यालय तेच, भिंत तीच, सपाटी तीच. मेहुण्यानं त्याच जागी ट्रक लावला, किल्ली फिरवली आणि छाती काढून खाली उतरला. काय ती शांतता! मंगलाष्टकं शब्दन्‌शब्द ऐकू येत होती. आणि दुसऱ्या मंगलाष्टकालाच लाइट गेली. पंखे थांबले. वधूपिता उपरणं सावरत, घाम पुसत, गर्दीतून वाट काढत आमच्याकडं धावत आले.

"पाव्हणं," ते कळवळून म्हणाले, "जनरेटर का बंद केला?"